पांढरी मांजरं आणि एक सही

पांढरी मांजरं पाळणाऱ्या बाईला लोक एक प्रश्न हमखास विचारतात, "यांना आंघोळ कोण घालतं?" माझं उत्तर ठरलेलं आहे. "ती स्वतःच घालून घेतात. तुमच्यापेक्षा जास्त वेळा." यावर माणूस बहुधा दुसरा प्रश्न विचारत नाही, आणि ते बरंच असतं.

मी त्रिशला मगदूम, जयसिंगपूरची. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. आता निवृत्त आहे आणि घरात नऊ मांजरं आहेत, सगळी शेपटीच्या टोकापर्यंत पांढरी. सपाट नाकाच्या दोन पर्शियन. लांब अंगाची अंगोरा जातीची, साय नावाची, आणि तिची चार पिल्लं, आता चांगली घोडी झालेली. एक थायलंडच्या जातीची, जिचा एक डोळा निळा आणि दुसरा मधाच्या रंगाचा. आणि एक गालफुगा ब्रिटिश बोका, जो कायम रजा नामंजूर झालेल्या हेडमास्तरासारखा बसलेला असतो. हौस म्हणून एवढी पांढरी मांजरं कुणी पाळत नाही. मी पाळली ती माझ्या मुलीपायी.

चंदना तेहतीस वर्षांपूर्वी जन्मली, तेव्हा तिच्या कपाळावर पांढऱ्या केसांची एक बट होती आणि डोळे निळे होते. बघायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "डोळं बघा की बाई, परदेशी पोरगी हाय!" मी फुशारून जायची. आठव्या महिन्यात शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, पोरगी हाकेला वळत नाही. मी स्वयंपाकघरातली पितळी परात आणली, तिच्या पाठीमागे दणकन आपटली. चंदना गर्रकन वळली. "ऐकती की!" मी काकूंना सुनावलं. पुढं पाच महिने जो कुणी शंका घेईल त्याच्यासमोर मी ती परात आपटली आणि प्रत्येक वेळी पोरगी वळली. आम्ही तेव्हा लाकडी माडीवर राहत होतो. परात आपटली की फळ्या हादरायच्या आणि तिच्या बुडाला कळायचं. मुलांना गणित शिकवणाऱ्या बाईला एवढं साधं कळू नये!

कळलं ते एका मांजरामुळे. गल्लीत एक पांढरं पिल्लू सापडलं, निळ्या डोळ्यांचं. जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं, तर ते म्हणाले, "मावशी, हे बहिरं असणार. गादीवर ठेवा आणि मग वाजवा. जमिनीवर न्हाई." मी घरी आले, पिल्लू बाजूला ठेवलं आणि चंदनाला गादीवर बसवलं. परात वाजवली. ती वळली नाही. परत वाजवली. मग परात खाली ठेवली आणि तोंडात पदराचा बोळा धरून रडले. आवाज दाबायची काही गरज नव्हती, हे त्या वेळी सुचलं नाही.

तिचे वडील ती चार वर्षांची असताना गेले. राहिलो मी, ती आणि ते पिल्लू. दोघांचं दुखणं एकच आहे, हे डॉक्टरांनी सांगितल्यापासून मला पांढऱ्या मांजरांचा नाद लागला.

ते दुखणं असं आहे. अंगाला रंग देणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या कण्याजवळ तयार होतात. तिथून त्या प्रवासाला निघतात. काही कातडीत जातात, काही डोळ्यांत, आणि काही थेट कानाच्या आत, शंखासारख्या वळलेल्या नळीच्या भिंतीत. कानात रंगाचं काय काम, असं कुणीही विचारेल. रंगाचं काहीच नाही. तिथं त्या आतल्या पाण्यातला विजेचा भार टिकवून धरतात. तो नसला की आवाज आत येतो, पण मेंदूपर्यंत पोचत नाही. यंत्रमाग सगळे जागेवर आहेत आणि लाइट गेलीय, तशी गत.

सर्वांगी पांढऱ्या मांजरात एक जनुक या पेशींना वाटेतच संपवतो. म्हणजे मांजराचा पांढरा हा मुळात रंगच नव्हे. खाली मांजर काळं असतं, करडं असतं, पट्ट्यापट्ट्यांचं असतं, वरून चुना फिरवलेला असतो. जन्मलेल्या पिल्लाच्या कपाळावर कधीकधी बोटाएवढा काळसर डाग दिसतो. तो त्याचा खरा रंग, आणि तो वर्षभरात निघून जातो. सगळी पांढरी मांजरं बहिरी नसतात. काही पेशी पोचल्या तर डोळा पिवळा होतो आणि कान चालतो. दोन्ही डोळे निळे असले तर बहुतेक वेळा दोन्ही कान गेलेले. सयामी रक्ताची पांढरी मांजर निळ्या डोळ्यांची असूनही पुष्कळदा ऐकते, कारण तिचा निळा दुसऱ्याच जनुकातून आलेला असतो. माणसांत हे जनुक वेगळे आहेत, पण वाटेत हरवणाऱ्या पेशी त्याच. चंदनाच्या कपाळावरची बट म्हणजे त्या जिथं पोचल्या नाहीत ती जागा.

आठ वर्षांपूर्वी एक बाई माझ्या दारात आली. डॉ. उत्कर्षा देशिंगकर. मूळची आमच्याच बाजूची, पुण्याच्या एका संशोधन संस्थेत काम करणारी. तिला साय हवी होती. दोन्ही डोळे निळे, दोन्ही कान ठार बहिरे, आणि पोटात चार पिल्लं. तिनं मला समजावलं. मांजराच्या पिल्लाचे कान जन्मताना मिटलेले असतात आणि आतली भिंत पहिल्या आठवड्यातच सुकायला लागते. त्याआधी, पहिल्या पाच दिवसांत, निरुपद्रवी केलेल्या एका विषाणूच्या पाठीवर नवी सूचना बसवून आत सोडली, तर तिथं रंगपेशी रुजतात. फक्त कानात. अंगाच्या पांढऱ्याला धक्का लागत नाही.

"तुमच्या मुलीला आता याचा उपयोग नाही," ती स्पष्ट म्हणाली. "पण पुढच्यांना होईल."

मी साय तिच्या हातात दिली. क्षणभरही मागंपुढं पाहिलं नाही.

चारपैकी दोन पिल्लांना औषध दिलं, बताशाला आणि साबुदाण्याला. लोणी आणि चुन्याला मुद्दाम दिलं नाही, तुलनेसाठी. वर्षभरानं पाचही जणं घरी आली. मी बताशाला गादीवर ठेवलं आणि मागून घंटी वाजवली. तिचा कान आधी वळला, मग मान. तीनदा वाजवली, तीनदा वळली. पंचवीस वर्षांनी मी परत रडले आणि गल्लीत पेढे वाटले. चंदनानं पेढा घेतला आणि पदार्थ नासलाय की काय अशा नजरेनं बघून परत डब्यात ठेवला. मी मनावर घेतलं नाही. पोरीला गोड आवडत नाही, एवढंच म्हटलं.

चंदना इचलकरंजीत कापडाच्या नक्षीचं काम करते. संगणकावर वेलबुट्टी काढते आणि माग ती विणतो. मागांच्या शेडमध्ये ऐकणारी माणसं कानात बोळे घालून ओरडत असतात, ही हातांनी चार माणसांशी आरामात बोलते. हातांचं तिचं बोलणं मी इथं माझ्या बोलीत लिहिते. कारण तिचे हात जयसिंगपुरीच आहेत. अक्षरं उमटवणारा चष्मा तिच्याकडे आहे. समोरचा बोलला की त्याचं बोलणं काचेवर येतं. उलटं मात्र होत नाही. हात वाचणारी यंत्रं निघालीत, पण ती पुस्तकी हात वाचतात. चंदनाच्या हातातली शिवी तर त्यांना बिलकूल कळत नाही.

तिचा नवरा श्रेणिक ऐकणारा आहे. चार वर्षांत हातांची भाषा शिकला, पण हात अजून जरा तोतरे. माणूस गुणी. त्यानंच एका पिल्लाचं जुनं नाव बदलून चुना ठेवलं.

यंदा चंदनाला दिवस गेले. अठराव्या आठवड्यात तपासणी झाली आणि अहवाल आला. मुलगी आहे (हे सांगायची बंदी आता उठलीय), बट असणार, डोळे निळे असणार, कान चालणार नाहीत. उत्कर्षाचं औषध गेल्या वर्षीपासून माणसांत सुरू झालं होतं. माणसाचा आतला कान आईच्या पोटातच तयार होतो, म्हणून माणसात मुदत बाविसाव्या आठवड्यापर्यंत. एक सुई, अर्धा तास.

अहवाल वाचून मी श्रेणिकचा हात धरला. मला हसू आवरेना. आपल्या सायीनं दिलेलं औषध आपल्याच नातीला! याला म्हणायचं देवाचा न्याय.

चंदनानं अहवाल घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि हातांनी म्हणाली, "मला न्हाई करायचं."

मला वाटलं, सुईला घाबरली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला मागच्या अंगणात घेऊन गेली. सायीची चारही पिल्लं उन्हात पडली होती. चंदना मधोमध उभी राहिली आणि तिनं हात वर करून बोटं जुळवली, तिची 'या, जेवायला' ही खूण. लोणी आणि चुना झटक्यात उठून तिच्या पायाशी आले आणि तिच्या तोंडाकडं बघत बसले. बताशा आणि साबुदाणा होते तिथंच. मग तिनं बिस्किटांचा डबा हलवला. दोघं धावले आणि थेट डब्याला भिडले.

"बघितलंस?" ती म्हणाली. "एकाच आईची चार. ही दोघं माझ्याकडं बघत्यात. ती दोघं डब्याकडं. त्यांना माझी गरज न्हाई."

"अगं, ती मांजरं हाईत," मी म्हटलं. "माणसाचं लेकरू आईकडं बघतंच. दोन्ही भाषा शिकंल की. बहिऱ्या आयांची ऐकणारी पोरं काय थोडी हाईत?"

"ती आपली आपण ऐकणारी जन्मली. हिला आधी दुरुस्त करून मग माझ्या हातात देणार. पहिल्या दिवसापासून घरात सगळ्यांना ठाऊक असणार, की हिच्या आईत जे होतं ते काढून टाकलं म्हणून ही बरी झाली."

"पण मांजरावरनं माणसाचं—"

"मांजरावरनं औषध चालतं," चंदनानं माझे हात मधेच थांबवले, "मग मांजरावरनं भीती का चालत न्हाई?"

मला राग भरपूर आला. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते ताटात वाढून आलं होतं आणि ही ताट सारत होती. मी तिला हट्टी म्हटलं. तिनं जे म्हटलं ते इथं लिहीत नाही.

आठ दिवसांनी या उपचारांवर नेमलेल्या सरकारी समितीचं पत्र आलं, आणि आलं ते माझ्या नावानं. औषधाबरोबर नवा नियमही झाला होता, तो आम्हाला तेव्हा कळला. गरोदर बाई जन्मतः बहिरी असेल, तर 'जिने ध्वनी अनुभवलेला नाही तिला त्याच्या अभावाचे मोजमाप करता येत नाही.' सबब तिच्या वतीने श्रवणक्षम पालकाची सही ग्राह्य. पालक म्हणजे आई किंवा बाप, नवरा नव्हे. चंदनाची आई मी. माझी सही झाली तर उपचाराला होकार, मग चंदनानं काहीही म्हणो. तरीही तिनं नाकारलंच, तर जन्मल्यावर बाळ समितीच्या देखरेखीखाली. माझी सही झाली नाही तर मुदत उलटून जाणार आणि विषय संपणार. सुनावणी गुरुवारी अकरा वाजता, सांगलीत. शनिवारी बावीस आठवडे भरत होते.

पत्रात खाली एक ओळ होती, 'प्रात्यक्षिकासाठी उपचारित मांजर सोबत आणावे.'

बुधवारी संध्याकाळी श्रेणिक एकटाच आला, सहीचा फॉर्म घेऊन. जावई मला मामी म्हणतो, आमच्याकडं तशीच पद्धत. चहा घेतला नाही. बराच वेळ ब्रिटिश बोक्याच्या पाठीवरून हात फिरवत बसला. त्या बोक्यानंही चक्क फिरवू दिला.

"मामी, मला कळतंय तिचं. पर मला माझ्या पोरीला हाक मारायचीय ओ. मागनं. ती पळत असताना. रस्त्यावर गाडी आली तर 'थांब' म्हणून ओरडायचंय. एवढं मागणं म्हणजे पाप हाय का?"

"न्हाई रे," मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

"बारशाला कानात नाव कोण सांगणार म्हणून ताईनं आत्ताच भांडून घेतलंय. आत्याचा मान तिचा. ती नाव सांगणार, सगळ्या बाया पाठीत धपाटे घालणार, आणि पोरीला काय ऐकूच जाणार न्हाई? ताई विचारती, मग मी कुणाच्या कानात कुर्र करू?"

"ऐकणारं बारा दिवसांचं पोर तरी काय समजतंय त्यातलं?" मी म्हटलं. "तुझ्या ताईला सांग, बारसं गल्लीसाठी असतंय."

तो हसला नाही. "तुम्ही सही कराल ना?"

"फॉर्म ठेवून जा," मी म्हटलं.

तो गेल्यावर मी पेन घेऊन बसले. खोटं कशाला सांगू, सही करणारच होते. नावातला 'त्रि' काढूनही झाला. मग नजर माझ्याच हातांवर गेली आणि पेन पुढं जाईना.

चंदना सहा वर्षांची असताना मी तिला कोल्हापूरला वाचावर्गाला, म्हणजे तोंडानं बोलायला शिकवणाऱ्या वर्गाला, घातलं होतं. तिथले गुरुजी म्हणाले, हात चालू असले की तोंड उघडत नाही, हात बंद करा. मी बंद केले. घरी जेवताना, खेळताना, झोपेपर्यंत मी तिचे दोन्ही हात माझ्या ओढणीनं सैलसर बांधून ठेवायची. सैलसरच, असं मी स्वतःला सांगायची. दोन वर्षं. शेवटी एके दिवशी ती "पाई" म्हणाली. पाणी. गुरुजींनी टाळ्या वाजवल्या, मी नारळ फोडला. पाणी तिला मिळालं. पण त्या दोन वर्षांत माझ्या लेकीनं मला एकसुद्धा प्रश्न विचारला नाही. सहा वर्षांचं पोर, दिवसाला शंभर प्रश्न विचारायचं वय! कशानं विचारणार होती? तिच्या भल्यासाठी तेव्हाही निर्णय मीच घेतला होता, आणि तेव्हाही तिच्यासमोर बसून, तिला न विचारता. मी नालायक आई होते असं नाही. मी फार प्रेमळ होते, आणि तेच जास्त वाईट आहे.

मी पेनाला टोपण लावलं.

गुरुवारी आम्ही चौघं सांगलीला पोचलो. मी, चंदना, श्रेणिक आणि टोपलीत बताशा. लांब टेबल, पलीकडे चार जण, मधे अध्यक्ष. माणूस सभ्य, आवाज मऊ, सरकारी मऊ. कडेला उत्कर्षा बसली होती. तिनं मला ओळखीचं हसून दाखवलं. दुभाषी रजेवर होता.

"हरकत नाही, आई आहेत की," अध्यक्ष म्हणाले. "बसा ताई. मुलीला तिकडं बसवा."

चंदनाच्या चष्म्यावर हे उमटलं असणारच. ती तिकडं बसली नाही. माझ्या शेजारची खुर्ची ओढून टेबलाला पोट लागेल इतकी पुढं बसली.

आधी प्रात्यक्षिक झालं. उत्कर्षानं बताशाला उशीवर ठेवलं आणि मागून घंटी वाजवली. बताशा वळली. एक सदस्य "वा!" म्हणाले. मग अध्यक्ष माझ्याकडं वळले. "ताई, तुमची मुलगी काय म्हणते, ते सांगा. यंत्राचा अनुवाद आम्हाला चालत नाही, पालकाचा चालतो."

चंदनानं हात उचलले आणि बोलायला लागली. भराभर, मोठ्या हातांनी, सगळं. अंगण, लोणी, चुना, डबा, सगळं काही. मी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि गप्प बसले.

"काय म्हणते?"

"मला काय विचारताय? ती बोलतेय. तिला विचारा."

"ताई, आम्हाला ही भाषा येत नाही."

"मग दुभाषी नसताना सुनावणी का ठेवली? एक सांगते साहेब. तेहतीस वर्षं मी हिचं बोलणं लोकांना सांगत आले, आणि सांगताना माझ्या सोयीचं तेवढंच सांगत आले. दुकानात ही भांडली तर मी म्हणायची, 'ती धन्यवाद म्हणतेय.' माझ्या अनुवादावर विश्वास ठेवू नका."

चंदनानं चष्म्यावर ते वाचलं आणि माझ्याकडं अशी बघायला लागली, की मला मान वर करवेना. दुकानातलं तिला आजच कळत होतं.

खोलीत शांतता पसरली. आम्हा दोघींना तिची सवय आहे, त्या चौघांना नव्हती. एकानं खाकरून पाहिलं, दुसरा कागद चाळू लागला. श्रेणिक अर्धवट उठला, "मी सांगतो," म्हणाला, आणि चंदनानं हाताच्या एका झटक्यात त्याला खाली बसवलं. शेवटी अध्यक्षांनी स्वतःच्या पुढ्यातला कोरा कागद आणि पेन सरकवलं, माझ्यासमोर नव्हे, तिच्यासमोर. एवढं करायला त्यांना चांगली पाच मिनिटं लागली.

चंदनाचं अक्षर माझ्यापेक्षा सुंदर आहे. तिनं लिहिलं आणि कागद अध्यक्षांकडं नाही, उत्कर्षाकडं फिरवला. उत्कर्षानं तो मोठ्यानं वाचला.

"'बताशा ऐकते, हे मी पाहिलं. तिला औषध द्यायच्या आधी आणि नंतर तुम्ही कानाच्या लहरी मोजल्या. ती दुसऱ्या मांजराच्या, माणसाच्या चेहऱ्याकडं किती वेळ बघते, हे मोजलं का?'"

उत्कर्षा थांबली. काहीतरी गोलगोल बोलली असती तर कुणी तिला अडवलं नसतं. "नाही," ती म्हणाली. "ते मोजलेलं नाही. कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

"डॉक्टर, तो मुद्दा इथं गौण आहे," अध्यक्ष म्हणाले.

"गौण असेल. पण मोजलेलं नाही हे खरं आहे," उत्कर्षा म्हणाली, आणि कागद चंदनाला परत दिला. त्या क्षणी ती मला आवडली.

चंदनानं खाली आणखी दोन ओळी लिहिल्या. आता अध्यक्षांनी स्वतः वाचल्या, मनातल्या मनात. मी तिरक्या नजरेनं वाचल्या. 'माझं उत्तर नाही असं आहे. मी घाबरून नाही म्हणत नाही. मला माझं आयुष्य ठाऊक आहे, तुम्हाला ते ठाऊक नाही. मग मोजमाप कुणाला करता येत नाही?'

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग पुन्हा माझ्याकडंच वळले! सवय काय लवकर जाते? "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, शिक्षिका होता. तुमच्याच मांजरीमुळे हे औषध झालं. मुलीच्या भावना आम्ही नोंदवून घेऊ. पण तुम्ही आई म्हणून सांगा, तुमच्या नातीला ऐकू यावं असं तुम्हाला वाटत नाही?"

"वाटतं," मी म्हटलं.

श्रेणिकनं मान वर केली. चंदनाच्या चष्म्यावर तो एक शब्द उमटला, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"रोज वाटतं," मी म्हटलं. या वेळी हातही बाहेर काढले आणि तोंडाबरोबर हातांनीही बोलले, शब्दाला शब्द, काही न गाळता. "तुम्ही मला विचाराल तर मी आत्ता, या मिनिटाला हो म्हणेन. माझी लेक चुकतेय, असंही मला वाटतं. कदाचित मीच चुकत असेन. म्हणूनच मला विचारू नका. पोट तिचं आहे, पोर तिचं आहे, आणि ज्या आयुष्याची तुम्ही कीव करताय ते तिनं जगलंय. मी फक्त शेजारी बसून बघितलंय."

"म्हणजे तुम्ही सही नाकारता?"

"फॉर्म द्या."

त्यांना वाटलं, मी वळले. कोरा फॉर्म पटकन पुढं आला. 'श्रवणक्षम पालक' या शब्दांखाली छापलं होतं, 'वरील उपचारास माझी हरकत नाही.' मी 'नाही' खोडलं आणि 'आहे' लिहिलं. 'वरील उपचारास' खोडलं आणि त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं, 'माझ्या जाणत्या लेकीचा निर्णय मला विचारला, याला.' मग पूर्ण सही ठोकली, त्रिशला आदगोंडा मगदूम.

अध्यक्षांनी वाचलं. "असा शेरा या फॉर्मवर चालत नाही, ताई."

"मग फॉर्म बदला."

"हे मला वर पाठवावं लागेल."

"पाठवा की."

श्रेणिक उठून खिडकीशी गेला आणि आमच्याकडं पाठ करून उभा राहिला. तो माझ्यावर चिडला होता. पुढं कितीतरी दिवस चिडलेलाच राहिला, आणि त्याचा राग मी कधी चुकीचा म्हटला नाही. त्याला जे हवं होतं ते मलाही हवं होतं. मी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही, पण वळलाही नाही.

मागं कागदाचा आवाज झाला म्हणून मी पाहिलं. चंदनानं फॉर्म स्वतःकडं ओढला होता. 'गरोदर महिलेच्या वतीने' या छापील ओळीवर तिनं पट्टी ठेवल्यासारखी सरळ रेघ मारली, खाली स्वतःची सही केली, तारीख घातली, आणि बाजूला ठळक अक्षरात घरचा पत्ता लिहिला. मग फॉर्म अध्यक्षांसमोर ठेवून तिनं हात उचलले आणि त्यांच्या डोळ्यांत बघत सावकाश, एकेक खूण सुटी करून बोलली.

अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं. मी हात परत पदराखाली घेतले. त्यांनी पुन्हा तिच्याकडं बघितलं आणि या वेळी बघत राहिले.

"वर कुणाला काही विचारायचं असेल तर," ते अडखळत म्हणाले, "तुम्हाला विचारायचं. तुमच्या पत्त्यावर. बरोबर?"

चंदनानं मान हलवली, बरोबर.